एक ॲप्लिकेशन, अनेक डेटाबेस: जावामधल्या डेटासोर्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एंटरप्राइझ जावा ॲप्लिकेशनमध्ये दुसरा डेटाबेस आला की काही ठरावीक प्रश्न यायला लागतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. जे उत्तर एकदा आलं आहे ते पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं मुख्यतः स्प्रिंग बूट (ॲप्लिकेशन उभारायचा साचा), हिकारी पूल (कनेक्शन्स राखून ठेवणारी लायब्ररी) आणि हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची सांगड घालणारी लायब्ररी) यांची आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे हेच असतं. वाचताना एक गोष्ट सतत मनात ठेवा: कनेक्शन नेमकं कोणत्या क्षणी हातात आलं आणि कोणत्या क्षणी परत गेलं? खालची निम्मी कोडी तेवढ्यावर सुटतात.

१. डेटासोर्स, कनेक्शन आणि पूल यांत फरक काय? मला तिन्ही एकच वाटतात.

कनेक्शन म्हणजे डेटाबेस सर्व्हरशी चालू असलेलं एक सत्र. त्याला स्वतःचं सॉकेट, लॉगिन, आयसोलेशन लेव्हल (इतरांचे चालू बदल किती दिसावेत ते) आणि कदाचित अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच टिकणारे किंवा एकत्रच मागे फिरणारे बदल) असतं. ते नव्याने उघडणं महाग पडतं. नेटवर्कवर अनेक फेऱ्या होतात, पासवर्ड तपासला जातो, आणि पोस्टग्रेसमध्ये तर प्रत्येक कनेक्शनमागे ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस उभी राहते. म्हणून उघडलेली कनेक्शन्स राखून ठेवायची आणि मागेल त्याला वापरायला द्यायची, हे पूलचं काम.

डेटासोर्स हा जावाचा इंटरफेस आहे. ‘गेट-कनेक्शन’ म्हटलं की कनेक्शन देतो, एवढंच त्याचं वचन. ते नवीन आहे की पूलमधलं, कोणत्या सर्व्हरचं आहे, हे मागणाऱ्याला कळत नाही. अनेक डेटाबेस हाताळायच्या सगळ्या युक्त्या याच अज्ञानावर उभ्या आहेत. आणखी एक: पूलमधल्या कनेक्शनवर ‘क्लोज’ म्हटलं की ते बंद होत नाही, पूलमध्ये परत जातं. म्हणून ‘क्लोज’ विसरणं म्हणजे वापरायला आणलेली वस्तू घरीच ठेवून घेणं. जावा ७ पासून आलेलं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरलं तर ही चूक होत नाही.

२. दोन डेटाबेसना थेट जोडण्याऐवजी दुसऱ्या सर्व्हिसला विचारणं बरं नाही का?

पुष्कळदा बरं. दुसरा डेटाबेस दुसऱ्या टीमचा असेल आणि त्यांचे टेबल ते न सांगता बदलू शकत असतील, तर थेट जोडणी करू नका. आज वाचवलेले दोन दिवस पुढे दर बदलाला भरावे लागतात. थेट जोडणी योग्य ठरते ती चार ठिकाणी: जुन्या डेटाबेसमधून नव्याकडे स्थलांतर चालू असताना, रिपोर्टिंगसाठी वेगळा साठा असताना, वाचनासाठी रेप्लिका (मुख्य डेटाबेसची ताजी होत राहणारी नक्कल) असताना (प्रश्न ११), आणि प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस वेगळा असताना (प्रश्न १३).

३. स्प्रिंग बूटमध्ये दुसऱ्या डेटासोर्सचं बीन (स्प्रिंग सांभाळतो ते ऑब्जेक्ट) लिहिलं आणि चालू असलेला पहिला गायब झाला. का?

स्प्रिंग बूटचं ऑटो-कॉन्फिगरेशन ‘तुम्ही काही केलं नसेल तरच मी करतो’ या तत्त्वावर चालतं. तुम्ही डेटासोर्स प्रकारचं एक जरी बीन लिहिलंत तरी ते बाजूला होतं. मग ‘स्प्रिंग-डेटासोर्स’खाली लिहिलेली सेटिंग्ज कोणी वाचत नाही. आता दोन्ही बीन्स तुम्हालाच लिहायची आहेत.

दोन बीन्स झाली की स्प्रिंगला नेमकं कोणतं द्यायचं ते कळत नाही. रूढ उपाय असा की एकावर ‘प्रायमरी’ अ‍ॅनोटेशन लावायचं आणि दुसरं जिथे हवं तिथे ‘क्वालिफायर’ने नाव घेऊन मागायचं. स्प्रिंग ६.२ पासून दुसरा मार्गही आहे: दुय्यम बीनवर ‘डीफॉल्ट-कँडिडेट’ खोटं ठेवायचं. मग ते नाव घेतल्याशिवाय कुणालाच मिळत नाही आणि पहिल्याचं ऑटो-कॉन्फिगरेशन शाबूत राहतं. नव्या प्रकल्पात मी हाच मार्ग सुचवेन. ‘प्रायमरी’मध्ये क्वालिफायर विसरलात तर कोड निमूट चुकीच्या डेटाबेसकडे जातो, आणि ही चूक कंपायलरला दिसत नाही.

जेपीए (हायबरनेट ज्या प्रमाणित इंटरफेसने वापरतात तो) वापरत असाल तर प्रत्येक डेटासोर्ससाठी तीन गोष्टींचा संच लागतो: डेटासोर्स, एंटिटी मॅनेजर फॅक्टरी, ट्रान्झॅक्शन मॅनेजर. एंटिटी (टेबलासाठीचा क्लास) आणि रिपॉझिटरी (त्यातून वाचणारा-लिहिणारा भाग) प्रत्येक डेटाबेससाठी वेगवेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा. एकाच पॅकेजमध्ये ठेवून नावांवरून गाळण्याचा प्रयत्न करू नका. सहा महिन्यांनी नवा माणूस येतो, तिथेच एक एंटिटी टाकतो आणि ती दोन्हीकडे नोंदली जाते.

४. ‘जेडीबीसी-यूआरएल आवश्यक आहे’ असा एरर येतो, पण यूआरएल तर लिहिली आहे!

तुम्ही ‘यूआरएल’ लिहिली आहे आणि हिकारीला त्याच गोष्टीचं नाव ‘जेडीबीसी-यूआरएल’ हवं आहे (जेडीबीसी म्हणजे जावाचा डेटाबेसशी बोलायचा प्रमाणित मार्ग). एकच डेटासोर्स असताना स्प्रिंग बूट मधे हे भाषांतर करतं. बीन स्वतः बांधून सेटिंग्ज थेट त्याला जोडल्या की ते होत नाही. एक तर सेटिंगचं नाव बदला, नाहीतर ‘डेटासोर्स-प्रॉपर्टीज’चं मधलं बीन ठेवून त्याच्या बिल्डरकडून डेटासोर्स बनवून घ्या. दुसरं जास्त नीटनेटकं.

५. आमचं काम ‘ॲप्लिकेशन सर्व्हर’वर चालतं, स्प्रिंग बूट नाही. तिथे कसं करायचं?

तिथे पूल सर्व्हरचा असतो आणि तुम्ही तो जेएनडीआय (सर्व्हरवरच्या गोष्टी नावाने शोधायची सोय) नावाने मागता. ‘पर्सिस्टन्स’ एक्सएमएलमध्ये प्रत्येक डेटाबेससाठी एक पर्सिस्टन्स युनिट लिहा, त्यात त्या डेटासोर्सचं जेएनडीआय नाव द्या आणि कोडमध्ये ‘पर्सिस्टन्स-काँटेक्स्ट’वर युनिटचं नाव घाला. जावा ईई (एंटरप्राइझ जावाचं प्रमाण) ६ पासून डेटासोर्सची व्याख्या अ‍ॅनोटेशननेही करता येते, पण त्यात पासवर्ड कोडमध्ये येतो, म्हणून मी ती फक्त चाचणीपुरती वापरतो. या जगात ट्रान्झॅक्शन मॅनेजर सर्व्हरचाच असतो आणि तो मुळात अनेक संसाधनांसाठी बनवलेला आहे. प्रश्न ९ त्यामुळे तुमच्यासाठी अधिक महत्त्वाचा.

६. प्रत्येक पूल किती मोठा ठेवायचा? आम्ही सुरक्षित म्हणून १०० ठेवला आहे.

१०० सुरक्षित नाही. डेटाबेस सर्व्हरकडे ठरावीक कोअर आणि ठरावीक डिस्क असते. त्यांच्या क्षमतेपेक्षा जास्त क्वेरी एकदम धाडल्या की त्या एकमेकींच्या वाट्याचा वेळ खातात आणि सगळ्याच उशिरा पूर्ण होतात. हिकारीच्या माहितीपत्रकात सुरुवातीसाठी एक अंदाज दिला आहे: कोअरची संख्या गुणिले दोन, अधिक प्रत्यक्ष काम करणाऱ्या डिस्क. म्हणजे ८ कोअरच्या सर्व्हरला १७ च्या आसपास. आणि हा आकडा *सर्व्हरवरच्या एकूण चालत्या कनेक्शन्सचा* आहे, तुमच्या एका पूलचा नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. एका क्षणी किती कनेक्शन्स लागतात ते दोनच गोष्टींवर ठरतं: सेकंदाला किती विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती कनेक्शन किती वेळ धरून ठेवते. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकी २० मिलिसेकंद, तर सरासरी फक्त ४ कनेक्शन्स. पण त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात कोणी ८०० मिलिसेकंदांचा बाहेरच्या सेवेचा कॉल टाकला, तर हाच हिशोब १६४ वर जातो. मला आजवर ‘पूल वाढवा’ म्हणून आलेल्या तक्रारींत मोठा वाटा या दुसऱ्या प्रकारचा होता. पूल वाढवून ते दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आधी किंवा नंतर करा.

मग बेरीज करायला विसरू नका. हिकारीचा पूल मुळात १० चा असतो, आणि किमान रिकाम्या कनेक्शन्सचा आकडा तुम्ही दिला नाहीत तर तोही १० च धरला जातो. म्हणजे दहाही कनेक्शन्स सतत उघडी राहतात. ॲप्लिकेशनच्या ६ प्रती, प्रत्येकीत एकाच पोस्टग्रेस सर्व्हरकडे जाणारे २ डेटासोर्स: ६ × २ × १० = १२०. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १०० आहे, मायएसक्यूएलची १५१. शिवाय नवी आवृत्ती चढवताना जुन्या आणि नव्या प्रती थोडा वेळ एकत्र चालतात. रोज नीट चालणारं ॲप्लिकेशन नेमकं रिलीजच्या वेळी ‘कनेक्शन्स संपली’ म्हणतं ते यामुळे.

७. पूल पुरेसा आहे, डेटाबेस निवांत आहे, तरी ३० सेकंदांनी टाइमआउट येतो. कोण खातंय कनेक्शन्स?

३० सेकंद हा हिकारीचा कनेक्शनसाठी थांबण्याचा मूळ अवधी. डेटाबेस निवांत असताना तो संपतो याचा अर्थ कनेक्शन्स कुणीतरी धरून बसलं आहे आणि वापरत नाही. शक्यता तीन.

पहिली, गळती. ‘लीक-डिटेक्शन-थ्रेशोल्ड’ मुळात बंद असतो. तो तुमच्या सर्वांत लांब प्रामाणिक क्वेरीपेक्षा थोडा जास्त ठेवा. कनेक्शन तेवढा वेळ परत आलं नाही तर ज्याने घेतलं त्याचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येतो.

दुसरी, एकाच थ्रेडने (एक विनंती चालवणाऱ्या धाग्याने) दोन कनेक्शन्स मागणं. बाहेरची पद्धत (मेथड) ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, आतली ‘रिक्वायर्स-न्यू’ आहे, म्हणजे स्वतःचं वेगळं ट्रान्झॅक्शन मागणारी. बाहेरचं कनेक्शन हातात ठेवून थ्रेड त्याच पूलकडे दुसरं मागतो. पूल १० चा, आणि १० थ्रेड एकाच वेळी या टप्प्यावर आले, तर प्रत्येकाच्या हातात एक आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी ताटकळतो आहे. कोणीच सोडत नाही. यातून वाचण्यासाठी किमान पूल असा काढतात: थ्रेड गुणिले (प्रत्येकी लागणारी कनेक्शन्स वजा एक), अधिक एक. १६ थ्रेड, प्रत्येकी २, म्हणजे १७. पण टॉमकॅट या वेब सर्व्हरचे मूळचे २०० थ्रेड धरले तर २०१ येतात, आणि प्रश्न ६ नंतर तो आकडा कोणी ठेवणार नाही. तेव्हा आतलं ट्रान्झॅक्शनच बाहेर काढा. ऑडिट नोंदीसाठी हा साचा फार वापरला जातो. तिथे ऑडिटला छोटा स्वतंत्र पूल देणंही चालतं.

तिसरी, ‘ओपन-इन-व्ह्यू’. स्प्रिंग बूटमध्ये हे मुळात चालू असतं. हायबरनेटचं सेशन विनंती संपेपर्यंत उघडं राहतं, आणि ट्रान्झॅक्शन संपल्यावरही कनेक्शन त्याच्यासोबत अडकून राहू शकतं. अनेक डेटासोर्सच्या ॲप्लिकेशनमध्ये हे पहिल्या दिवशी बंद करा. नंतर बंद करायला गेलात तर लेझी लोडिंगचे (माहिती गरज पडेल तेव्हाच आणण्याचे) शेकडो एरर निघतात आणि मग कोणी हात लावत नाही.

८. ‘ट्रान्झॅक्शनल’ अ‍ॅनोटेशन लावलेल्या एका पद्धतीत दोन्ही डेटाबेसमध्ये लिहितो. एरर आला तर दोन्हीकडचं मागे फिरेल ना?

नाही. ते अ‍ॅनोटेशन एका ट्रान्झॅक्शन मॅनेजरशी बांधलेलं असतं. नाव दिलं नाही तर प्रायमरीशी. दुसऱ्या डेटाबेसचं लिखाण त्याच्या स्वतःच्या रिपॉझिटरीच्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये तिथल्या तिथे कमिट (कायम) होऊन जातं. नंतर एरर आला तर पहिला डेटाबेस मागे जातो, दुसरा राहतो.

मी स्वतः यात भाजलो आहे. एका कामात ऑर्डर एका डेटाबेसमध्ये आणि साठ्याची नोंद दुसऱ्यात होती. पद्धतीवर अ‍ॅनोटेशन होतं, चाचण्या हिरव्या होत्या. चाचणीत दोन्ही डेटासोर्स एकाच इन-मेमरी डेटाबेसकडे बोट दाखवत होते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक फसलेल्या ऑर्डरमागे साठा कमी होत राहिला. कुठेही एरर नव्हता, फक्त आकडे जुळत नव्हते. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो: एकाहून अधिक मॅनेजर असतील तर अ‍ॅनोटेशनमध्ये नाव *नेहमी* लिहायचं, प्रायमरीचंही. आणि चाचणीत दोन खरे, वेगळे डेटाबेस उभे करायचे.

जुन्या लेखांत ‘चेन्ड ट्रान्झॅक्शन मॅनेजर’ सुचवलेला दिसेल. तो दोन्ही ट्रान्झॅक्शन्स सुरू करतो आणि शेवटी एकामागून एक कमिट करतो. पहिलं कमिट होऊन दुसरं फसलं तर तोही काही करू शकत नाही. स्प्रिंग डेटाने २०२१ मध्ये तो वापरू नका असं जाहीर केलं.

९. मग एक्सए, म्हणजे टू-फेज कमिट, वापरून प्रश्न कायमचा मिटवावा का?

दोन्हीकडे खरोखर एकत्र कमिट हवं असेल तर त्याचा प्रमाणित मार्ग तोच आहे. पहिल्या टप्प्यात समन्वयक प्रत्येक डेटाबेसला विचारतो, ‘तयार आहेस का?’ डेटाबेस ‘तयार’ म्हणाला की काय वाटेल ते झालं तरी कमिट करू शकेन असं वचन देतो. सगळ्यांचा होकार आला की दुसऱ्या टप्प्यात कमिटचा आदेश जातो. जावात हे जेटीए (ट्रान्झॅक्शनचा प्रमाणित इंटरफेस) मार्फत चालतं. ॲप्लिकेशन सर्व्हर नसेल तर समन्वयक म्हणून नारायणा किंवा अ‍ॅटोमिकोस लागतो.

किंमत मात्र नीट समजून घ्या. ‘तयार’ आणि ‘कमिट’ यांच्या मधे समन्वयक पडला तर डेटाबेस वचनाला बांधलेला राहतो: लॉक्स धरलेली, ट्रान्झॅक्शन अधांतरी. तो स्वतःहून सोडत नाही, सोडूही शकत नाही. समन्वयक परत उठून आपला लॉग वाचेल तेव्हाच सुटका. म्हणून तो लॉग टिकाऊ डिस्कवर हवा. कंटेनर नव्याने उठला की पुसली जाणारी डिस्क वापरली, तर एक्सएचा मूळ आधारच गेला. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना वाटत होतं की आपण सुरक्षित आहोत. समन्वयकाची ओळखही प्रत्येक प्रतीसाठी वेगळी आणि कायम असावी लागते. नाहीतर एक प्रत दुसरीची ट्रान्झॅक्शन्स आपली समजून आवरायला जाते.

पोस्टग्रेसवर एक्सए चालत नाही असं वाटलं तर ‘मॅक्स-प्रिपेअर्ड-ट्रान्झॅक्शन्स’ बघा. तो मुळात ० असतो, म्हणजे सुविधा बंद. चालू केल्यावर ‘पीजी-प्रिपेअर्ड-एक्सॅक्ट्स’ या व्ह्यूवर पाळत ठेवा. तिथे तासन् तास पडून राहिलेली ओळ लॉक तर धरतेच, शिवाय व्हॅक्यूमलाही जुन्या ओळी साफ करू देत नाही.

आणि डेटासोर्स एक्सए प्रकारचाच हवा. साधा हिकारी पूल जेटीएच्या पुढ्यात ठेवला तर तो एक्सए होत नाही.

१०. एक्सए झेपणार नाही. दुसरा मार्ग?

आउटबॉक्स. पहिल्या डेटाबेसमध्ये मूळ बदल करताना, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्याच डेटाबेसच्या एका टेबलात ‘दुसरीकडे अमुक करायचं आहे’ अशी ओळ लिहायची. दोन्ही एकाच डेटाबेसमध्ये असल्याने एकत्रच टिकतात किंवा एकत्रच जातात. मग स्वतंत्र काम ती ओळ वाचून दुसऱ्या डेटाबेसमध्ये बदल करतं आणि ओळीवर ‘झालं’ लिहितं.

मधेच काम पडलं तर तोच बदल दोनदा लागू होऊ शकतो. म्हणून दुसरीकडे प्रत्येक ओळीचा क्रमांक युनिक की म्हणून, बदलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवा. दुसऱ्यांदा आला की ओळखला जाईल. मधल्या काही सेकंदांत दोन्हीकडचे आकडे वेगळे दिसतील, हे व्यवसायाच्या लोकांना आधी सांगा आणि त्यांचा होकार घ्या. बहुतेक वेळा ते चालतं. चालत नसेल तर दोन टेबलं एकाच डेटाबेसमध्ये आणता येतील का, हा प्रश्न एक्सएच्या आधी विचारा.

११. वाचन रेप्लिकाकडे आणि लिखाण मुख्य सर्व्हरकडे पाठवायचं आहे. ‘रीड-ओन्ली’ लावूनही सगळं मुख्यकडेच जातं.

तुम्ही ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट-राउटिंग-डेटासोर्स’ (दर वेळी कोणता डेटासोर्स द्यायचा ते ठरवणारा स्प्रिंगचा राउटर) घेऊन त्यात ‘चालू ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली आहे का’ असं विचारत असणार. अडचण क्रमाची आहे. स्प्रिंगचा ट्रान्झॅक्शन मॅनेजर *आधी* कनेक्शन घेतो आणि रीड-ओन्लीची खूण *नंतर* थ्रेडवर ठेवतो. तुमचा राउटर विचारतो तेव्हा खूण अजून आलेलीच नसते.

उपाय: राउटरला ‘लेझी-कनेक्शन-डेटासोर्स-प्रॉक्सी’मध्ये गुंडाळा. मग ट्रान्झॅक्शन सुरू होताना फक्त पोकळ कनेक्शन दिलं जातं आणि खरं कनेक्शन पहिल्या स्टेटमेंटच्या वेळी घेतलं जातं. तोवर खूण जागेवर आलेली असते. याचा आणखी एक फायदा म्हणजे ज्या ट्रान्झॅक्शनने कॅशेमधूनच उत्तर दिलं, ते पूलला हातही लावत नाही. स्प्रिंग ६.१ च्या मालिकेत या प्रॉक्सीलाच वेगळा रीड-ओन्ली डेटासोर्स देण्याची सोय आली. फक्त दोनच दिशा असतील तर स्वतःचा राउटर लिहायची गरज उरली नाही.

तरी तीन अपवाद राहतात. बाहेरच्या लिखाणाच्या ट्रान्झॅक्शनमधून रीड-ओन्ली पद्धत बोलावली तर ती बाहेरच्यात सामील होते आणि मुख्यकडेच जाते. हे योग्यच आहे, कारण आत्ताच लिहिलेलं तिला दिसायला हवं. उलट, बाहेरची रीड-ओन्ली आणि आतली लिहिणारी असेल तर लिखाण रेप्लिकावर आदळतं आणि डेटाबेस नकार देतो. तिसरं, त्याच क्लासमधली पद्धत थेट बोलावली तर स्प्रिंगने क्लासभोवती लावलेली प्रॉक्सी (मधला थर) वाटेत येतच नाही आणि अ‍ॅनोटेशन वाचलंच जात नाही.

१२. सेव्ह करून लगेच यादी उघडली तर नवी नोंद दिसत नाही.

रेप्लिका मुख्य सर्व्हरच्या थोडी मागे असते. ज्या वापरकर्त्याने आत्ता लिहिलं त्याची वाचनं काही सेकंद मुख्यकडे पाठवा, बाकीच्यांची रेप्लिकाकडे. पैशांची शिल्लक, परवानग्या यांसारखी, ज्यावर लगेच निर्णय होतो अशी वाचनं रेप्लिकावर कधीच पाठवू नका.

१३. प्रत्येक ग्राहकाचा डेटाबेस वेगळा आहे. ३०० ग्राहक, ३०० पूल?

३०० पूल गुणिले १० कनेक्शन्स गुणिले प्रती, हा हिशोब तुम्हीच करा. हे डेटाबेस म्हणजे एकाच सर्व्हरवरचे वेगवेगळे स्कीमा (टेबलांचे नावाने वेगळे केलेले गट) असतील तर एक पूल ठेवून कनेक्शन देताना स्कीमा बदलणं हलकं पडतं. हायबरनेटमध्ये ‘मल्टी-टेनंट-कनेक्शन-प्रोव्हायडर’ यासाठीच आहे (टेनंट म्हणजे इथे ग्राहक). सर्व्हरच वेगळे असतील तर पूल वेगळे लागतातच. मग किमान रिकामी कनेक्शन्स ० ठेवा, पूल पहिल्या मागणीला उभा करा आणि बराच वेळ न वापरलेला पूल बंद करा.

आता सुरक्षेचं, आणि हे मी सर्वांत तळमळीने सांगतो. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट-राउटिंग-डेटासोर्स’ला अनोळखी की मिळाली तर तो मुळात एरर देत नाही, डीफॉल्ट डेटासोर्सकडे जातो. ‘लेनियंट-फॉलबॅक’ खोटं केलं तरी की रिकामी असेल तेव्हा डीफॉल्टकडेच जातो. म्हणून टेनंट राउटिंगमध्ये डीफॉल्ट ठेवूच नका. चुकीच्या ग्राहकाची माहिती दाखवण्यापेक्षा एरर केव्हाही बरा.

स्कीमा बदलण्याच्या पद्धतीत दुसरा धोका आहे. हिकारी परत आलेल्या कनेक्शनचं ऑटो-कमिट, आयसोलेशन, रीड-ओन्ली, कॅटलॉग आणि स्कीमा पूर्ववत करतो, पण फक्त ते जेडीबीसीच्या पद्धती वापरून बदललं असेल तर. तुम्ही एसक्यूएलमधून ‘सर्च-पाथ’ (टेबल कोणत्या स्कीमात शोधायचं ते) बदललात किंवा सेशन व्हेरिएबल ठेवलंत, तर त्याला ते कळत नाही. पुढचा ग्राहक तेच कनेक्शन घेतो आणि मागच्याच्या स्कीमात बसतो. कनेक्शन देताना *आणि* परत घेताना, दोन्ही वेळा तुम्हीच साफ करा.

१४. ‘असिंक’ (वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या) पद्धतीत टेनंट रिकामा येतो, कधीकधी चक्क दुसऱ्याचाच येतो.

टेनंटची ओळख थ्रेड-लोकलमध्ये (फक्त त्या थ्रेडला दिसणाऱ्या जागेत) आहे आणि काम दुसऱ्या थ्रेडवर गेलं. रिकामा येणं त्यामुळे. ‘इनहेरिटेबल’ थ्रेड-लोकल हा उपाय दिसतो, पण तो थ्रेड *जन्मताना* नक्कल करतो. थ्रेड पूलमधला असेल तर तो कधीतरी, कुणातरी दुसऱ्याच्या विनंतीत जन्मलेला असतो. दुसऱ्याचा टेनंट येतो तो असा. काम सोपवताना ओळख टिपून घेणारा, चालवताना ठेवणारा आणि संपल्यावर ‘फायनली’मध्ये पुसणारा टास्क डेकोरेटर लिहा. वेब फिल्टरमध्येही पुसणं ‘फायनली’मध्येच हवं.

आणि ट्रान्झॅक्शन चालू असताना टेनंट बदलून उपयोग नाही. कनेक्शन आधीच हातात आलेलं आहे, राउटरला पुन्हा कोणी विचारत नाही.

१५. रात्रभर शांतता, आणि सकाळची पहिली विनंती ‘कनेक्शन तुटलं’ म्हणते.

मधल्या कुणीतरी निष्क्रिय कनेक्शन मारलं: डेटाबेस, फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर. मायएसक्यूएलचा ‘वेट-टाइमआउट’ मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. फायरवॉलचा बहुधा त्याहून खूप कमी. हिकारीचं ‘मॅक्स-लाइफटाइम’ मुळात ३० मिनिटं आहे. ते वाटेतल्या सर्वांत छोट्या मर्यादेपेक्षा काही सेकंद कमी ठेवा. प्रत्येक डेटासोर्सची वाट वेगळी असते, म्हणून हा आकडा सगळ्यांना एकच देऊ नका. ‘सिलेक्ट १’ची चाचणी क्वेरी आता लागत नाही. जेडीबीसी ४ चे ड्रायव्हर ‘इज-व्हॅलिड’ने काम भागवतात.

१६. डेटाबेसचा फेलओव्हर झाला (पडलेल्या सर्व्हरची जागा दुसऱ्याने घेतली), नवा सर्व्हर उठला, पण आमचे थ्रेड तसेच लटकलेले. का?

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींच्या जावा ड्रायव्हरमध्ये ‘सॉकेट-टाइमआउट’ मुळात ०, म्हणजे अमर्याद आहे. मेलेल्या सर्व्हरकडून उत्तर येईल म्हणून थ्रेड सॉकेटवर वाचत बसतो. पूलचे टाइमआउट इथे लागू होत नाहीत, कारण कनेक्शन पूलबाहेर, वापरात आहे. सॉकेट टाइमआउट ठेवा, सर्वांत लांब क्वेरीपेक्षा मोठा. लांब रिपोर्ट असतील तर त्यांना वेगळा डेटासोर्स द्या म्हणजे बाकीच्यांचा आकडा लहान ठेवता येतो. डीएनएसचं जुनं उत्तर जेव्हीएम किती वेळ धरून ठेवतो तेही तपासा.

१७. रिपोर्टिंगचा डेटाबेस बंद पडला आणि पूर्ण ॲप्लिकेशनच खाली गेलं.

स्प्रिंग बूटची आरोग्य तपासणी सगळे डेटासोर्स बघते आणि एक पडला तरी एकूण उत्तर ‘डाउन’ देते. तो पत्ता लाइव्हनेस (प्रत जिवंत आहे का) तपासणीला दिला असेल तर ऑर्केस्ट्रेटर (प्रती चालवणारी यंत्रणा) सगळ्या प्रती मारून पुन्हा उठवत राहतो, आणि त्याने रिपोर्टिंगचा डेटाबेस काही बरा होत नाही. लाइव्हनेसमध्ये कोणताच डेटाबेस नको. रेडीनेसमध्ये (प्रत विनंत्या घ्यायला तयार आहे का) फक्त ज्याच्याशिवाय काम होतच नाही तो.

सुरू होतानाही तोच प्रश्न येतो. हायबरनेट किंवा फ्लायवे (टेबलांतले बदल स्क्रिप्टने लागू करणारं साधन) सुरुवातीलाच कनेक्शन मागतात आणि न मिळाल्यास ॲप्लिकेशन उठत नाही. दुय्यम डेटाबेससाठी साधं जेडीबीसी टेम्प्लेट पुरत असेल तर जेपीए आणूच नका.

१८. व्हर्च्युअल थ्रेड (जावाने सांभाळलेले हलके थ्रेड) वापरले तर पूलची गरज राहते का?

राहते, वाढते. जावा २१ मध्ये आलेल्या व्हर्च्युअल थ्रेडमुळे हजारो विनंत्या एकाच वेळी आत येतात. आधी २०० थ्रेड ही नकळत मर्यादा होती. आता मर्यादा फक्त पूलची. थ्रेड कनेक्शनसाठी थांबला तर स्वस्त पडतो, पण ३० सेकंदांनी सगळे एकदम टाइमआउट होतात. त्या थांबण्याचा अवधी कमी करा आणि जड कामांपुढे सेमाफोर (एका वेळी ठरावीक कामंच आत सोडणारा) ठेवा. जेडीके २४ च्या आधी ‘सिंक्रोनाइझ्ड’ ब्लॉकमध्ये अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड आपला वाहक थ्रेडही (ज्यावर तो चालतो तो खरा थ्रेड) अडवून ठेवायचा, म्हणून जुना ड्रायव्हर असेल तर आधी तो बदला.

१९. जकार्ताकडे (जावा ईईचं नवं नाव) जाताना ‘जावाएक्स-एसक्यूएल’सुद्धा बदलायचं का?

नाही. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पर्सिस्टन्स आणि ट्रान्झॅक्शनची पॅकेजेस ‘जकार्ता’ झाली. ‘जावाएक्स-एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स-ट्रान्झॅक्शन-एक्सए’ मात्र जेडीकेचा भाग आहेत, ती तशीच राहतात. सरसकट शोधा-बदला केलंत तर नेमका डेटासोर्सचा इम्पोर्ट तुटतो.

२०. फ्लायवेने दुसऱ्या डेटाबेसच्या स्क्रिप्ट पहिल्यावर चालवल्या!

दुसऱ्याच्या स्क्रिप्ट तुम्ही मूळ मायग्रेशन फोल्डरच्या *आत* उपफोल्डरमध्ये ठेवल्या असतील. फ्लायवे दिलेल्या फोल्डरच्या पोटातलं सगळं वाचतो. दोन फोल्डर शेजारी-शेजारी ठेवा आणि दुसऱ्या डेटासोर्ससाठी फ्लायवेचं वेगळं बीन स्वतः लिहा.

२१. ॲप्लिकेशन न थांबवता डेटाबेसचा पासवर्ड बदलता येईल का?

येईल. हिकारीचा पासवर्ड चालू असताना त्याच्या एमएक्स-बीनमधून (चालू ॲप्लिकेशनची सेटिंग्ज बदलायच्या सोयीतून) बदलता येतो. तो पुढच्या नव्या कनेक्शन्सना लागू होतो. मग ‘सॉफ्ट-इव्हिक्ट’ बोलवा: रिकामी कनेक्शन्स लगेच जातात, वापरातली परत आल्यावर. पण डेटाबेसमधला बदल आणि पूलमधला बदल यांच्या मधली फट उरतेच. ती बुजवायला डेटाबेसवर दोन वापरकर्ते ठेवा आणि आळीपाळीने वापरा. नवा चालू झाला, त्याच्या नावावर कनेक्शन्स दिसू लागली, जुन्याच्या नावावर एकही उरलं नाही हे सर्व्हरवर पाहिलं, की मग जुन्याचा पासवर्ड बदला. राउटरमागे पाच पूल असतील तर पाचही पूलवर हे करावं लागतं. राउटरवर केलेला बदल खाली पोहोचत नाही.